आठ रुमाल

"कुठल्या रुमालातलं?"

तुम्ही काहीही सांगायला गेलात, तरी आमचे तात्या आधी उजव्या हाताची दोन बोटं वर करून तुम्हाला थांबवायचे आणि हे विचारायचे. शेजाऱ्याची तक्रार सांगा, जावयाची नालस्ती सांगा, नाहीतर मोठे साहेब बदलून चालल्याची खबर सांगा. कुठल्या रुमालातलं ते ठरल्याशिवाय गोष्ट त्यांच्या कानात शिरायचीच नाही. एकदा आमचा शिपाई, चेंदणीच्या कोळीवाड्यातला, धापा टाकत आला. "तात्या, मला पोरगा झाला!" तात्यांनी दोन बोटं वर केली. "जन्ममृत्यू," ते स्वतःशीच पुटपुटले, "तिसरी फळी, डावीकडून दुसरा." मग कुठे त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं आणि त्यांनी शिपायाच्या हातावर साखर ठेवली.

तात्या म्हणजे ठाण्याच्या एका सरकारी कचेरीतले दप्तरकारकून. खरं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण ते कुणाच्याच तोंडात नव्हतं. कचेरीतले जुने सगळे कागद त्यांच्या ताब्यात. कागद लाल खारव्याच्या चौकोनी फडक्यात बांधून फळीवर ठेवायचे ही तेव्हाची रीत, आणि त्या फडक्याला म्हणायचं रुमाल. एका लांबट, कोंदट खोलीत असे रुमालच रुमाल. कुठला कागद कुठे हे दोघांनाच ठाऊक, एक तात्या आणि दुसरा परमेश्वर. त्यातही परमेश्वर एखादे वेळी फळी चुकेल, असं शिपाई म्हणायचा. गाठसुद्धा तात्यांची अशी, की एक टोक ओढलं तर रुमाल आपोआप सुटे, आणि दुसरं ओढलं तर दोन माणसांना आटपत नसे.

मी तेव्हा तिथे उमेदवार होतो. उमेदवार म्हणजे काय हे आताच्या मुलांना सांगावं लागेल. बिनपगारी, बिनखुर्चीचा, कुणाची जागा कधी रिकामी होते याची वाट बघत कोपऱ्यात नकला करत बसलेला प्राणी म्हणजे उमेदवार. मी मॅट्रिक झालो होतो आणि त्याचा मला भारी तोरा होता. कल्याणला आई होती, आणि कल्याणचीच एक मुलगी सांगून आली होती. पण मुलीचे वडील म्हणाले, "मुलगा नोकरीत कायम झाला की मुहूर्त काढू." मी दोन वर्षं कायम होत होतो. आमच्या कचेरीत कुणी पेन्शनीत जाईना की आजारी पडेना. सगळे कसे ठणठणीत!

अशात एका चैत्रात वरून इंग्रजीत हुकूम आला. शिरस्तेदार म्हणजे आमच्या कचेरीतले सगळ्यात वरचे देशी अंमलदार. त्यांनी तो कागद आणून तात्यांच्या पुढ्यात ठेवला आणि मला हाक मारली, "अहो मॅट्रिक, वाचा हे. तुम्हा दोघांच्याही कामाचं आहे."

कलमं दोन होती. पहिलं असं, की दप्तर सांभाळणाऱ्याने वर्षाच्या आत इंग्रजी व्याकरणातल्या शब्दांच्या आठ जाती शिकून धाकट्या साहेबांपुढे परीक्षा द्यावी. नापास झाल्यास त्याला पेन्शनीत काढून त्याच कचेरीतला इंग्रजी जाणणारा उमेदवार जागेवर घ्यावा. मी हे मराठीत वाचून दाखवलं. तात्यांच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. त्या कचेरीत इंग्रजी जाणणारा उमेदवार एकच होता, आणि तो हुकूम वाचत उभा होता.

दुसरं कलम असं, की परीक्षेत दप्तरातल्या एका रुमालाची यादी स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहून दाखवावी लागेल. ते मी वाचलं नाही.

त्या क्षणी साहेबांची घंटा वाजली, शिरस्तेदार धावले आणि वाचन तिथेच थांबलं, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आलो. पण घंटा एकदाच वाजली होती आणि परीक्षेला अकरा महिने होते. रोज सांगता आलं असतं. नाही सांगितलं. तात्या घोकून घोकून तोंडी उत्तरं देतील, पण पन्नाशीला आलेल्या, जन्मभर मोडी लिहिलेल्या हाताला इंग्रजी अक्षर काही वळायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि कल्याणची ती मुलगी मी एकदा तळ्यावर लांबून पाहिलेली होती. आता बोला!

"पण मला शिकवणार कोण?" तात्यांनी संध्याकाळी शिरस्तेदारांना विचारलं. शिरस्तेदारांनी माझ्याकडे बोट दाखवलं. म्हणजे ज्याची जागा मला हवी, त्याला ती राखायला मीच शिकवायचं. असला न्याय सरकारच करू जाणे.

दप्तराच्या खोलीत दिव्याला बंदी होती, त्यामुळे शिकवणी कचेरी सुटल्यावर उजेड असेपर्यंतच. पहिल्या दिवशी मी ऐटीत सुरुवात केली, "इंग्रजी शब्दांच्या जाती आठ." तात्यांची दोन बोटं वर झाली. ते उठले, कपाटातून कोरे रुमाल काढून ओळीने जमिनीवर पसरू लागले. सात निघाले. "आठवा उद्या घरून आणतो," ते म्हणाले. "हं, सांगा. पहिल्यात काय?"

"अहो तात्या, हे डोक्यात ठेवायचं असतं."

"डोक्याचा काय भरवसा? रुमालात कडुनिंबाचा पाला तरी घालता येतो."

मग रीत ठरली. इंग्रजी शब्द मी चिठीवर लिहायचा, मागच्या बाजूला तात्यांनी बोरूने त्याचा अर्थ मोडीत लिहायचा, आणि चिठी ज्या जातीची त्या रुमालात ठेवून गाठ मारायची.

तुम्हाला वाटेल, म्हाताऱ्याला जाती कळेनात. छे! मला कळायला मास्तरांच्या छड्या खाव्या लागल्या होत्या, त्यांना झटक्यात कळल्या. फक्त त्या कचेरीच्या वाटेने कळल्या. सर्वनाम सांगितलं तर म्हणाले, "समजलं. हंगामी मामलेदार. खरा रजेवर गेला की त्याच्या खुर्चीत बसतो, सही ठोकतो. पण तुम्ही कोण म्हणून विचारा, गडबडतो." विशेषणाला ते शिरस्तेदारांचा मेहुणा म्हणायचे, स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्याच्या नावाला चिकटून मिरवायचं. क्रियापदाशी आलो तेव्हा शिपाई दारात उभा होता. तात्यांनी सरळ त्याच्याकडे बोट केलं. "हा. बाकी सगळे हजर आणि हा नाही, तर कचेरी उघडेल का?"

शिपाई घाबरला. "मी काय केलं, तात्या?"

"तूच तर सगळं करतोस, बाबा."

शब्दयोगी अव्ययाशी मात्र गाडं अडलं. आपल्या भाषेत ते नामाच्या मागून येतं, इंग्रजीत आधी येतं, हे काही त्यांच्या पचनी पडेना. दोन दिवस त्या रुमालाला गाठ मारली नाही. तिसऱ्या दिवशी नौपाड्याहून चालत येताना त्यांना साहेबाचा घोडा दिसला आणि घोड्यापुढे पळणारा माणूस दिसला. कचेरीत शिरता शिरता ओरडले, "सापडलं! आपल्याकडचा अदबीने मागून चालतो, साहेबाचा पुढे पळतो!" आणि गाठ मारून मोकळे झाले.

उभयान्वयीत त्यांनी खुद्द शिरस्तेदारांना बसवलं. "साहेब आणि रयत यांच्या मधे उभे असतात. ते काढले तर दोघं सरळ एकमेकांशी बोलायला लागतील, पंचाईत व्हायची!" हे शिरस्तेदारांच्या कानावर गेलं. त्यांना ती स्तुती वाटली. आठवडाभर ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते, की व्याकरणात आम्हाला जागा आहे.

आठवी जात केवलप्रयोगी. मी चारच शब्द दिले: आह, ओ, हुर्रा आणि अलास.

"अलास म्हणजे?"

"अरेरे."

"एवढं मोठं राज्य आणि अरेरे म्हणायला एकच शब्द?" तात्या खरोखर हळहळले. "आमच्याकडे सकाळची भाकरी होईपर्यंत याच्या चौपट होतात." आठवा रुमाल त्यांनी घरून आणला होता तो काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, जुन्या हिरव्या लुगड्याचा. तो कुठल्या जातीला द्यायचा याचा निकाल तिथल्या तिथे लागला.

पुढे पुढे ते स्वतःहून शब्द विचारू लागले. एक दिवस म्हणाले, "हँड म्हणजे?" मी म्हटलं, हात. दुसऱ्या दिवशी, "ओन म्हणजे?" म्हटलं, स्वतःचा. मग "लिस्ट म्हणजे?" रस्त्यावर ऐकत असतील, असं मला वाटलं. मी मॅट्रिक झालो होतो हे पुन्हा सांगतो, म्हणजे माझ्या अकलेचा अंदाज येईल.

श्रावणात त्यांनी मला नौपाड्याला घरी जेवायला बोलावलं. हळदीच्या पानातले पातोळे केले होते. काकू वाढत होत्या, वाढता वाढता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही आहात म्हणून यांची अब्रू राहतेय. नाहीतर परक्या माणसाला इतकं मनापासून कोण शिकवतं हो?" तीन पातोळे मी मजेत खाल्ले होते. चौथा घशात बसला. पाणी प्यायलो तरी खाली उतरेना.

जेवण झाल्यावर तात्या मला पोचवायला निघाले. शेताच्या बांधाने चाललो होतो. मधेच थांबून त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "काय हो, हुकुमात पहिलं कलम म्हटलं, की दुसरं असतंच का?"

माझे कान तापले. "असतंच असं काही नाही," मी म्हटलं, आणि चपलेत काटा गेल्यासारखा खाली वाकलो.

"बरं," तात्या म्हणाले. थोडं चालल्यावर म्हणाले, "दप्तराच्या माणसाला खोड असते. एक म्हटलं की दोन शोधायची." आणि हळदीची पानं कुठे चांगली मिळतात ते सांगू लागले.

त्यानंतर रोज सकाळी त्यांच्या बोटांना शाई दिसायची. पण दप्तरकारकुनाच्या बोटांना शाई, यात विशेष ते काय?

फाल्गुनात परीक्षा झाली. धाकटे साहेब भले गृहस्थ होते. पण मराठी ते पुस्तकातून शिकले होते, त्यामुळे त्यांच्याशी बोलताना छापील कागदाशी बोलल्यासारखं वाटायचं. साहेब खुर्चीत, शिरस्तेदार बाजूला, मी खिडकीशी. तात्या आत आले, आणि त्यांच्यामागून डोक्याएवढा ढीग घेऊन शिपाई.

"ही गाठोडी आपण कशास्तव आणिली?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, व्याकरण आहे," तात्या म्हणाले.

साहेब एकेक शब्द विचारत गेले. तात्या डोळे मिटायचे, उत्तर द्यायचे. जिथे अडायचं तिथे दोन बोटं वर करायचे, "एक क्षण, साहेब," रुमाल सोडायचे, चिठी काढून दाखवायचे आणि गाठ मारून पुन्हा उभे राहायचे. साहेबांनी मुद्दाम भरभर विचारून पाहिलं. रुमालही भरभर सुटत गेले. शिरस्तेदार दोनदा खाकरले, तेव्हा तात्यांनी उभयान्वयीचा रुमाल जरा त्यांच्याकडे सरकवला.

मग साहेबांनी हुकुमाचा कागद पुढे ओढला. "आता द्वितीय कलम. दप्तरातील एका रुमालाची सूची आपण स्वहस्ते इंग्रजीत लिहावी."

अकरा महिने मी याच क्षणाची वाट पाहत होतो. आता तो आला, आणि मला वाटलं घंटा वाजावी, छप्पर पडावं, काहीतरी व्हावं. काकूंचा चौथा पातोळा पुन्हा घशात आला. शरमेने माझी मान वर होईना. जागा नको, मुलगी नको, फक्त या माणसाने इथे मान खाली घालू नये, असं मी देवाला सांगत होतो. देवही म्हणाला असेल, आता कशाला?

"बरं," तात्या म्हणाले.

शिपायाने दप्तरातून एक रुमाल आणून दिला, त्यातले सात कागद त्यांनी ओळीने मांडले. कमरेचं कलमदान काढलं. बोरू शाईत बुडवला आणि कोऱ्या कागदावर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक सरळ रेघ ओढली. तुम्ही कुणी जुने मोडी लिहिणारे पाहिले असतील, तर त्यांची रीत तुम्हाला ठाऊक असेल: आधी रेघ, मग तिच्याखाली अक्षरं, आणि ओळ संपेपर्यंत हात उचलायचा नाही. तात्यांनी तेच केलं. त्या रेघेखाली त्यांनी इंग्रजी अक्षरं टांगायला सुरुवात केली! एकाला एक लागून, मधे जागा नाही, हात वर नाही. ओळ संपली की दुसरी रेघ. सात ओळी झाल्यावर त्यांनी डबीतली शाई सुकवायची वाळू साहेबांच्या टेबलावर सढळ हाताने भुरभुरली, कागद झटकला आणि पुढे ठेवला.

साहेबांनी कागद सरळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. "ही रेषा आपण कशास्तव ओढिली?"

"साहेब, रेघ नसली तर अक्षरं टांगायची कशाला? पडतील ना!"

साहेबांनी कागद टेबलावर ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. डोळे पुसून पुसून त्यांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचली. जमिनीचे कागद, मिठागराचे कागद, विहिरीचा अर्ज, सातही बरोबर. "उत्तीर्ण," ते म्हणाले. आणि मजेत आल्यामुळे वर म्हणाले, "आता इंग्रजीत एक वाक्य बोलून दाखवावे."

तात्या अदबीने वाकले. "साहेब, माझं काम कागद जागच्या जागी ठेवण्याचं. वाक्यं शिरस्तेदारांकडे असतात."

बाहेर आल्यावर मी त्यांना गाठलं. "तात्या, लिहायला कधी शिकलात? कुणी शिकवलं?"

"दप्तरात सगळं असतं. शोधावं लागतं." एवढंच बोलले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मला तसंच ओढत पुन्हा साहेबांच्या खोलीत घेऊन गेले. "साहेब, शिकवणारे हे. कल्याणच्या कचेरीत जागा होणार असं ऐकतो."

अशी मला नोकरी लागली. वैशाखात लग्न झालं. तात्या आणि काकू कल्याणला आले, तात्या नवीन पगडी घालून. पंगतीच्या आधी मी त्यांना बाजूला घेतलं. माझ्याने राहवेना. "तात्या, एक सांगायचं राहिलंय. फार दिवसांपासून."

त्यांची दोन बोटं वर झाली. मी थांबलो. आता विचारतील, कुठल्या रुमालातलं.

"आधी जेवा," ते म्हणाले. "पंगत खोळंबलीय."

कुणी काही सांगायला आलं आणि दोन बोटं वर करूनही त्यांनी रुमाल ठरवला नाही, असा मला आठवणारा हा एकच प्रसंग. नंतर मी कल्याणला, ते ठाण्याला. सांगायचं ते सांगायचं राहिलंच.

पाचसहा वर्षांनी तात्या गेले. दोन दिवसांचा ताप, बस. त्यांच्या जागेवर माझी बदली झाली. तीच जागा, जी मला एके काळी हवी होती. शिपायाचे केस तोवर पिकले होते. त्याने दप्तराची खोली उघडून दिली. सगळं जागच्या जागी. कोपऱ्यातल्या फळीवर आठ रुमाल ओळीने, त्यांत पाला ताजा. मी एकेक सोडून पाहिला आणि मनात म्हणालो, वा रे तात्या. शेवटी काकूंच्या लुगड्याचा हिरवा रुमाल सोडला.

वर माझ्याच अक्षरातल्या चार चिठ्या. आह, ओ, हुर्रा, अलास. त्यांच्याखाली घडी घातलेले कागद. पहिल्या कागदावर त्या हुकुमाची नक्कल होती, दोन्ही कलमांची. रेघ ओढून अक्षरं टांगलेली, वेडीवाकडी, कितीतरी खोडलेली. प्रत्येक शब्दाखाली एक ते आठपैकी रुमालाचा आकडा, आणि आकड्याखाली मोडीत अर्थ. वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी एकेक शब्द रुमालारुमालांतून हुडकून काढला होता, तिथे नव्हता तो मला विचारला होता. हँड. ओन. लिस्ट. मागच्या सगळ्या कागदांवर नुसती इंग्रजी मुळाक्षरं, रेघेला टांगलेली.

नकलेवर तिथी श्रावणातली होती, पातोळ्यांच्या दुसऱ्या दिवसाची. आणि खाली दप्तरी शेरा मारावा तसा शेरा:

"दुसरे कलम उमेदवाराकडून वाचावयाचे राहिले. एकवार विचारले. पोर कावरेबावरे झाले. लग्न अडले आहे. पुन्हा विचारू नये."

मी कागदाची पुन्हा होती तशी घडी घातली. शिपाई दारातून म्हणाला, "रावसाहेब, हा कागद कुठल्या रुमालात घालू?"

"होता तिथेच," मी म्हटलं. "अरेरेच्या चिठीखाली."

गाठ त्यानेच मारली. मला नीट दिसत नव्हतं.